ॲक्शन सिनेमातले कंटिन्युइटी जंप कसे पकडायचे? आधी सांधे शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मारामारीचे आणि पाठलागाचे सिनेमे थांबवून थांबवून बघता. परवा एका सिनेमात नायकाच्या डाव्या भुवईवर जखम होती, पुढच्या शॉटमध्ये भुवई कोरी, त्यापुढच्या शॉटमध्ये पुन्हा रक्त. अशी चाळीसएक निरीक्षणं तुमच्या वहीत झाली आहेत, पण धाकटा भाऊ म्हणतो की यातली निम्मी उगाच काढलेली खुसपटं आहेत. तेव्हा नेमकं बघायचं कुठे, खरी चूक कशाला म्हणायचं, आणि एवढा पैसा ओतूनही ती पडद्यापर्यंत पोचते कशी, हे तुम्हाला हवं आहे.

तुमची नजर चांगली आहे, तिला काही झालेलं नाही. अडचण अशी की तुम्ही वस्तू बघताय: जखम, बंदूक, काच, शर्ट. प्रत्येक फ्रेममध्ये अशा शंभर वस्तू असतात आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणं कुणालाच जमत नाही, सेटवर कंटिन्युइटी, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं जुळतंय ना हे, सांभाळणाऱ्यालाही नाही. बघायचे असतात ते सांधे. पडद्यावर लागोपाठ दिसणारे दोन शॉट प्रत्यक्षात वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी किंवा वेगळ्या माणसांवर चित्रित झाले असतील, तर चूक तिथे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. एकदा सांधा कुठे आहे हे ओळखता आलं की वस्तू आपोआप दिसायला लागतात.

त्यासाठी मारामारीचा सीन कसा शूट होतो ते डोळ्यासमोर आणा. गोदामात दोन माणसं समोरासमोर उभी आहेत. पडद्यावर आपण याचा चेहरा, त्याचा चेहरा, पुन्हा याचा, पुन्हा त्याचा, असं बघतो. शूटिंग मात्र त्या क्रमाने होत नाही. कॅमेरा एका दिशेला लावला की त्या दिशेचं सगळं लायटिंग करावं लागतं, मागची पार्श्वभूमी सजवावी लागते, दुसऱ्या बाजूला सामान, माणसं, मॉनिटर हलवावे लागतात. म्हणून एका दिशेचे सगळे शॉट आधी उरकले जातात. नायकाच्या तोंडावरचे सगळे शॉट सकाळी, मग जेवणाची सुट्टी, मग अख्खं युनिट फिरवून खलनायकाच्या बाजूचे शॉट दुपारी. मध्ये चार तास जातात. घाम पुसला जातो, मेकअप पुन्हा होतो, शर्ट वाळतो, बाही वर सरकवलेली असते ती खाली येते.

यातून एक पद्धत मिळते आणि माझ्या मते ती सगळ्यात उपयोगी आहे. सीनमधले शॉट पडद्यावरच्या क्रमाने तपासू नका, कॅमेऱ्याच्या दिशेने गट पाडून तपासा. कागदावर तीन रकाने करा. नायकाकडे बघणारे शॉट डावीकडे, खलनायकाकडे बघणारे उजवीकडे, आणि दोघं एकत्र दिसणारे लांबचे शॉट तिसऱ्या रकान्यात. डाव्या रकान्यातले सगळे शॉट आपापसात जुळतात असं दिसेल, उजव्यातलेही जुळतील. न जुळणारं जे काही आहे ते बहुतेक वेळा या दोन रकान्यांच्या मध्ये असतं. दोनशे तुलना करण्याऐवजी दहा-बारा तुलना पुरतात, आणि चूक सापडल्यावर ती का झाली हेही त्याच कागदावर दिसतं.

ॲक्शनमध्ये आणखी तीन प्रकारचे सांधे असतात. एक, मुख्य युनिट आणि सेकंड युनिट यांच्यामधला. ताऱ्यांचे चेहरे आणि संवाद मुख्य युनिट घेतं. गाड्या उलटणं, लांबून दिसणाऱ्या उड्या, स्फोट हे सेकंड युनिट, कधी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या महिन्यात. दोन, कलाकार आणि त्याचा डुप्लिकेट यांच्यामधला. तीन, पॅचवर्कचा. संकलनात लक्षात येतं की एक शॉट कमी पडतोय, मग काही आठवड्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा घेतात. तोपर्यंत नायकाचे केस वाढलेले असतात, वजन दोन किलो इकडेतिकडे झालेलं असतं. हातावरचा, बुटाचा, गिअरचा जवळून घेतलेला शॉट दिसला की समजा हा बहुधा पॅचवर्कचा आहे, आणि हात कदाचित त्या नटाचा नाहीच. अशा शॉटमध्ये अंगठी, घड्याळाचा पट्टा, नखं आणि बाहीची दुमड बघायची.

एक उदाहरण जवळून बघू. १९६८चा ‘बुलिट’ हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या पाठलागासाठी गाजलेला सिनेमा. स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी फोर्ड मस्टँग आणि गुंडांची काळी डॉज चार्जर, साधारण अकरा मिनिटांचा सीन. उतारावरून गाड्या उसळत येतात तेव्हा एक हिरवी फोक्सवॅगन बीटल मागे पडते. थोड्या वेळाने तीच बीटल पुन्हा मागे पडते. मग पुन्हा. लोक याला गंमत म्हणून सांगतात, पण ते घडलं कसं हे बघण्यासारखं आहे. गाड्या एका उतारावरून धावल्या आणि ती धाव वेगवेगळ्या जागांवरून, वेगवेगळ्या कोनांतून टिपली गेली. संकलनात ते कोन एकाच उताराचे म्हणून न लावता एकामागून एक वेगवेगळे उतार असल्यासारखे लावले, म्हणून पाठलाग लांब झाला. रस्ता बदलल्यासारखा वाटतो, इमारतींचे कोन बदलतात, गाड्यांची उसळी बदलते. पण त्या रस्त्यावरून जाणारी बीटल तीच राहते.

त्याच सीनमध्ये चार्जरच्या चाकांवरच्या टोप्या उडताना मोजा. गाडीला चाकं चार, उडालेल्या टोप्या चारपेक्षा जास्त. कारण पुन्हा तेच. प्रत्येक टेकच्या, म्हणजे तोच शॉट पुन्हा घेण्याच्या, आधी गाडी जशी होती तशी करतात, टोप्या नव्याने बसवतात, आणि प्रत्येक टेकमध्ये त्या नव्याने उडतात. पुढे नकाशा घेऊन बसलात तर आणखी गंमत दिसेल: गाड्या एका वळणावर शहराच्या एका भागातून दुसऱ्याच भागात पोचतात, आणि शेवट शहराच्या दक्षिणेला ब्रिस्बेनजवळच्या ग्वाडालूप कॅन्यन पार्कवेवर होतो. आतल्या आरशाकडेही बघा. आरशात मॅक्वीनचा चेहरा दिसतो तेव्हा गाडी तो स्वतः चालवतो आहे; आरसा असा फिरवलेला असेल की चेहरा दिसतच नाही, तर सीटवर स्टंट ड्रायव्हर आहे. इथे आरसा हाच सांधा. शेवटच्या पेट्रोलपंपाच्या स्फोटात चार्जर ठरलेल्या जागेवर आदळलीच नाही, ती पुढे निघून गेली आणि स्फोट मात्र झाला. एकेक फ्रेम पुढे नेली तर ते कळतं. चालू सिनेमात कळत नाही, कारण कट अगदी त्या जागी मारला आहे. याच सिनेमासाठी फ्रँक केलर यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं. बीटल त्यांना दिसली नव्हती असं मला तरी वाटत नाही.

आता वस्तूंकडे येऊ. सगळ्या वस्तूंना सारखं महत्त्व देऊ नका. ज्या गोष्टी एकाच दिशेने बदलू शकतात त्या आधी धरा. काच फुटली की जुळत नाही, पत्रा चेमटला की सरळ होत नाही, फाटलेली बाही शिवून येत नाही. उलट जाकिटाची चेन, हातातला ग्लास, कपाळावरची बट हे माणूस दोन शॉटच्या मध्ये सहज बदलू शकतो, त्यामुळे तिथे चूक सिद्ध करणं कठीण. नुकसान उलट दिशेने गेलेलं दिसलं की वाद उरत नाही. १९८५च्या ‘कमांडो’मध्ये पिवळ्या पोर्शची एक बाजू अपघातात पार चेमटते, श्वार्झनेगर गाडीतल्या गुंडाला कड्यावरून सोडून देतो आणि परत येऊन तीच गाडी घेऊन निघतो तेव्हा ती शोरूममधून काढल्यासारखी असते. १९९१च्या ‘टर्मिनेटर २’मध्ये ट्रक पुलावरून कालव्यात कोसळतो तेव्हा पुढची काच निखळते आणि पुढच्या शॉटमध्ये ती जागेवर असते. दोन्हीकडे कारण ओळखायला सोपं आहे: मोडायची गाडी एक, चालवायची दुसरी, आणि चालवायच्या गाडीचे शॉट वेगळ्या दिवशी.

रक्ताबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला. मेकअपवाले जखमेचे टप्पे ठरवतात. पहिला ताजी जखम, दुसरा ओघळ, तिसरा सुकलेलं, चौथा पट्टी. सीनच्या यादीत प्रत्येक सीनसमोर टप्प्याचा आकडा लिहिलेला असतो आणि प्रत्येक टेकनंतर फोनवर फोटो काढला जातो. पूर्वी हे पोलरॉइडवर व्हायचं. तरीही दोन ठिकाणी घोळ होतो. ताजं नकली रक्त चमकतं आणि दिव्यांच्या उष्णतेत तासाभरात मंद पडतं, म्हणून टेकच्या आधी त्यावर पुन्हा हात फिरवावा लागतो; तो फिरवला नाही की त्याच जखमेचा रंग बदलतो. आणि ओघळाचा आकार दर वेळी हाताने काढलेला असतो, तो हुबेहूब कधीच येत नाही. म्हणून जखम आहे की नाही यापेक्षा ओघळ भुवईच्या कुठल्या टोकाकडून उतरतो आणि कुठे थांबतो ते बघा. तोच खरा ठसा.

बंदुकांमध्ये गोळ्या मोजायचा मोह सगळ्यांना होतो. मोजा, पण जपून. सहा खणांच्या रिव्हॉल्व्हरमधून कॅमेऱ्यासमोर, न तुटलेल्या एकाच शॉटमध्ये सात बार झाले तर ती चूक आहे. मध्ये कट असेल तर गोळ्या पुन्हा भरल्या असं मानायला जागा राहते. फक्त आवाज मोजू नका. गोळीबाराचा आवाज नंतर साउंड स्टुडिओत चढवतात, आणि तिथे दृश्य जोरकस वाटावं म्हणून दोन बार जास्त टाकले जातात. ‘नळीतून जाळ निघालाच नाही’ हीही चूक धरू नका. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो आणि नेहमीच्या १८० अंशांच्या शटरला प्रत्येक फ्रेमचा अर्धा वेळ कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला असतो. जाळ त्या मिटलेल्या क्षणी होऊन जाऊ शकतो. खरी बघायची जागा पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग: शेवटची गोळी संपल्यावर तो मागे अडकून राहतो. एका शॉटमध्ये मागे अडकलेला, पुढच्यात बंद आणि मध्ये मॅगझिन बदललेलं नाही, असं दिसलं तर नोंद पक्की.

सावल्या हा माझ्या दृष्टीने सगळ्यात विश्वासू साक्षीदार आहे, कारण सूर्याला रीटेक सांगता येत नाही. तो आकाशात तासाला साधारण १५ अंश सरकतो. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते, ३० अंशांवर उंचीच्या पावणेदोनपट. त्यामुळे दोन मिनिटांच्या मारामारीत सावली पायाशी गोळा झालेली आणि पुढच्या शॉटमध्ये लांबलचक असेल तर मध्ये काही तास गेलेत हे नक्की. दिशाही बघा, पण आपल्याकडे एक गोष्ट ध्यानात ठेवून: मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. ‘दुपारची सावली उत्तरेलाच हवी’ असं म्हणून कुणी जूनमधल्या शॉटला नाव ठेवलं तर चूक त्याची. ढगाळ हवेत, स्टुडिओत आणि मोठ्या पांढऱ्या कापडाखाली घेतलेल्या शॉटमध्ये सावलीचा पुरावा चालत नाही.

इथवरचं सगळं कंटिन्युइटीचं, म्हणजे दोन शॉट जुळत नसल्याचं. एकाच शॉटच्या आत दिसणारी गडबड ही वेगळी जात आहे आणि ती शोधायची जागाही वेगळी. तिथे फ्रेमच्या कडा, चकचकीत पृष्ठभाग आणि शॉटची सुरुवात-शेवट बघायचे. गडद रंगाच्या गाडीचं दार आरशासारखं काम करतं. त्यात पांढरे रिफ्लेक्टर, कॅमेरा, उभी माणसं दिसतात. गॉगल, दुकानाच्या काचा, पाण्याचं डबकं, तसंच. गाडी उलटणार असेल तर उलटण्याआधीच्या शॉटमध्ये जमिनीवर उतरता लाकडी किंवा लोखंडी पट्टा कुठे आहे का, आणि उलटताना गाडीच्या पोटाकडे बघा. तिथे नायट्रोजनवर चालणारी नळी बसवतात. ती जमिनीवर जोराने दणका देते आणि गाडी फिरते. २००० सालच्या ‘ग्लॅडिएटर’मध्ये रथ उलटतो तेव्हा मागे गॅसचा सिलिंडर दिसतो, तो याच कुळातला. कच्च्या रस्त्यावर गाडी यायच्या आधीच तिथे चाकांचे ताजे वळसे असतील तर ते आधीच्या टेकचे आहेत. आणि गाडीच्या आतला शॉट असेल तर डोक्यामागचा उशीचा भाग काढून टाकलेला असतो, कधी आरसाही, कारण कॅमेऱ्याच्या आड येतो. बाहेरच्या शॉटमध्ये ते दोन्ही जागेवर असतात. ट्रेलरवर चढवलेल्या गाडीतला नायक शेजारून जाणाऱ्या गाड्यांपेक्षा उंचावर बसलेला दिसतो, हेही एकदा कळलं की नेहमी दिसतं.

गर्दीतल्या माणसांकडे मुद्दाम बघा. पाचव्या टेकपर्यंत त्यांना काय होणार ते पाठ झालेलं असतं. १९५९च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मधला माउंट रशमोरच्या उपाहारगृहातला मुलगा गोळी सुटण्याआधीच कानांत बोटं घालतो. स्फोटाच्या सीनमध्ये असे लोक हमखास सापडतात: आधीच खांदे आक्रसलेले, आधीच पळायच्या पवित्र्यात. स्फोटाच्या आधीच्या १२ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, तेवढ्याच तपासा.

बूम माइक, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, फ्रेममध्ये लटकताना दिसला तर मात्र लगेच नोंद करू नका. ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट केलेल्या पुष्कळ सिनेमांत निगेटिव्हवर जास्त उंच चित्र उतरायचं आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून १.८५ला १ असं दाखवायचे. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी तो झाकलेला भाग उघडला की माइक, दिवे, रूळ सगळं दिसू लागायचं. ही चूक दिग्दर्शकाची नाही, त्या प्रतीची आहे. आपण बघतोय ती प्रत कुठली, हे म्हणून आधी लिहायचं. आपल्याकडे सेन्सॉरच्या कटमुळेही जंप तयार होतात: वार झाल्याचा शॉट काढला की आधीच्या फ्रेममध्ये माणूस उभा आणि पुढच्यात आडवा. टीव्हीच्या प्रतीत आणखी काटछाट असते. एकाच सिनेमाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या की अशा नोंदी गळून पडतात.

उलटवलेला शॉट हा एक खास प्रकार. नट डावीकडे बघतोय आणि संकलनात तो उजवीकडे बघायला हवा असेल तर अख्खा शॉट आरशातल्यासारखा फिरवतात. ओळखायला तीन खुणा पुरतात. पुरुषाच्या शर्टाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो, डावी पट्टी उजवीवर येते, आणि भांग एकाच बाजूला असतो. पाटीवरची अक्षरं आणि गाडीचं स्टीअरिंग तर झटकन दिसतं, म्हणून असे शॉट सहसा पाट्या नसलेलेच निवडतात. याच्याशी संबंधित एक प्रसिद्ध गफलत १९७१च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’मधली: लाल मस्टँग अरुंद बोळात उजव्या दोन चाकांवर शिरते आणि डाव्या दोन चाकांवर बाहेर पडते. आत शिरण्याचा भाग स्टुडिओच्या आवारात, बाहेर पडण्याचा लास व्हेगासमध्ये, असे वेगळे शूट झाले. जुळत नाही हे कळल्यावर मध्ये गाडीच्या आतला एक शॉट घातला, ज्यात गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर कलते. दुरुस्तीचा शॉट म्हणून हा अभ्यासण्यासारखा आहे. बोळाची रुंदी लक्षात घेतली तर तशी कलायला तिथे जागाच नाही, पण चालू सिनेमात प्रेक्षकाला दिशा सांभाळल्याचं समाधान मिळतं.

खुसपट कशाला म्हणायचं, याबाबत तुमच्या भावाच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकच स्फोट तीन कोनांतून तीनदा दिसला तर तो वेळ मुद्दाम ताणलेला असतो. ठोसा एका शॉटमध्ये सुटतो आणि पुढच्या शॉटमध्ये दोन-तीन फ्रेम मागून पुन्हा सुरू होतो, तेही मुद्दाम. कट झाल्यावर डोळ्याला नव्या चित्रात स्थिरावायला तेवढा वेळ लागतो, आणि ते फ्रेम कापले तर ठोसा हुकल्यासारखा वाटतो. लाइन क्रॉस, म्हणजे दोन माणसांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे कॅमेरा गेल्याने डावं-उजवं उलटणं, गोंधळाच्या मारामारीत कधी कधी हवं म्हणून करतात. आणि कथेतल्या शंका हा तर पूर्ण वेगळा विषय. ‘शोले’च्या रामगढमध्ये वीज नाही, कंदील लावले जातात, मग उंच टाकीत पाणी कसं चढतं, हा प्रश्न पन्नास वर्षं विचारला जातोय. प्रश्न रास्त आहे, पण त्याला कंटिन्युइटीची चूक म्हणता येत नाही, कारण दोन शॉटमध्ये काही विसंगत नाही. त्याच सिनेमाच्या शेवटच्या झटापटीत ठाकूरचे हात कपड्यांच्या आत असल्याचं काही फ्रेममध्ये जाणवतं. ती खरी चित्रीकरणातली गफलत. दोन्ही नोंदी एकाच यादीत ठेवल्या की यादीची पत जाते.

जाता जाता, ‘शोले’चे संकलक मा. स. शिंदे. त्या वर्षी या सिनेमाला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर संकलनाचं होतं. फिल्मच्या काळात हे काम कसं चालायचं याचा हिशोब सांगतो: ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे १००० फुटांच्या रिळात जेमतेम ११ मिनिटं. प्रत्येक शॉटची पट्टी हाताने कापून, चिकटवून, मशीनवर मागेपुढे करून बघायची. थांबवून चार पट मोठं करून बघायची सोय नाही. आज तुम्ही घरी फोनवर जेवढं बारीक बघू शकता तेवढं त्या टेबलावर बघणं अवघड होतं, आणि प्रेक्षकही थिएटरात एकदाच, न थांबता बघणार होता. सिनेमा त्या नजरेसाठी जोडला जायचा.

आता तुमचा शेवटचा मुद्दा, चूक राहते कशी. बहुतेक वेळा ती माहीत असते. वॉल्टर मर्च या संकलकाने कट कुठे मारायचा याचे सहा निकष वजनासकट मांडले आहेत: भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे ते ७, पडद्याच्या सपाटीवरची दिशा ५, आणि प्रत्यक्ष जागेतलं सातत्य ४. वस्तू जागच्या जागी आहे की नाही हा प्रश्न त्या शेवटच्या चार टक्क्यांत येतो. समोर दोन टेक असतात. एकात जखम बरोबर आहे पण नटाच्या डोळ्यांत काही नाही. दुसऱ्यात जखम पुसली गेलीय पण नजरेत राग आहे. दुसरा टेक लावायचा, हे मी पुन्हा पुन्हा करेन. फोडलेली गाडी, पेटवलेलं गोदाम, उडवलेला पूल यांचा दुसरा टेक तर मिळतच नाही. आणखी एक कारण फारसं कुणी सांगत नाही. सीनचा क्रम संकलनात बदलतो. शूटिंगच्या वेळी सगळं जुळलेलं होतं, पण मधली दीड मिनिटं कापली आणि ज्या ठोशाने ओठ फुटला तो ठोसाच गेला. आता ओठ कारणाशिवाय फुटलेला दिसतो. अशी नोंद करताना ‘सेटवर लक्ष नव्हतं’ असं लिहिणं अन्यायाचं आहे. लक्ष होतं.

करायचं कसं, ते एका दमात सांगतो. पूर्ण सिनेमा धरू नका, तीन ते चार मिनिटांचा एकच सीन घ्या. पहिल्यांदा न थांबता बघा आणि कुठे मन अडखळलं तेवढंच लिहा. ही नोंद सगळ्यात मोलाची, कारण चालू सिनेमात जे खटकतं ते खरंच खटकणारं असतं. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. आवाज दोन शॉट एकमेकांना चिकटवून ठेवतो. तो काढला की सांधे उघडे पडतात आणि कट मोजता येतात. तिसऱ्यांदा वर सांगितलेले रकाने पाडा, आणि मग फक्त रकान्यांच्या मधल्या जागा फ्रेमनिशी तपासा. व्हीएलसीत थांबवून ‘ई’ दाबलं की एक फ्रेम पुढे जाते, विंडोजवर शिफ्ट आणि डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे. यूट्यूबवर थांबवलेल्या व्हिडिओत पूर्णविरामाचं बटण एक फ्रेम पुढे नेतं, स्वल्पविरामाचं मागे. नोंदीत वेळ, आधीच्या शॉटमध्ये काय, नंतरच्या शॉटमध्ये काय, कुठली प्रत, आणि सांधा कसला असावा, एवढं लिहा. दोन्ही फ्रेम शेजारी लावून दाखवता येत नसतील तर ती नोंद सध्या बाजूला ठेवा.

तुमच्या भुवईच्या जखमेला हेच लावून बघा. तीन शॉट आहेत: जखम, कोरी, जखम. पहिला आणि तिसरा कॅमेऱ्याच्या एकाच दिशेचे आहेत का? असतील आणि मधला दुसऱ्या दिशेचा असेल, तर मधला शॉट वेगळ्या वेळी झाला. किंवा तो मुळात मारामारीच्या आधीच्या भागासाठी घेतला होता आणि इथे उचलून बसवला. मधल्या शॉटमध्ये शर्टाची कॉलर आणि केस किती विस्कटलेत ते बघा. तेही नीटनेटके असतील तर शॉट आधीच्या जागेवरून उचललाय. विस्कटलेले असून फक्त जखम नसेल तर मेकअपचा टप्पा चुकला. आणि खिसा उजवीकडे दिसला तर शॉट उलटवलेला आहे, जखम गेलेलीच नाही. ती उजव्या भुवईवर, कॅमेऱ्यापासून दूरच्या बाजूला असेल.